ब्रेक

उद्यमनगरात, लेथच्या दुकानावरच्या खोलीत
संध्याकाळी सात ते आठ माझा इंग्रजीचा क्लास.
आज फळ्यावर एकच क्रियापद लिहिलं : ब्रेक.
म्हटलं, सोपं आहे. मोडणे.

फौंड्रीतला आकाराम पोवार म्हणाला,
सर, आमचा जॉब मोडत न्हाई. त्याला चीर जाते.
ती दिसत न्हाई, ऐकावी लागते.
हातोडी हळू मारायची आणि कान द्यायचा.
चांगला खणखणतो,
गेलेला बद्द बोलतो.

मी लिहिलं : चीर जाणे.
मग थांबेनात.
दोरी तुटते, काच फुटते, शिवण उसवते,
दूध फाटतं, कपाचा टवका उडतो.
नोट मोडतात आणि ठरलेलं लग्नही,
पण लग्नाचे सुट्टे मिळत नाहीत.
मागचा बारावीवाला म्हणाला, पेपर फुटतो.
हसून झालं,
तर वडणग्याहून येणारी चौगल्यांची रूपाली :
उसाच्या कांडीला डोळा फुटतो,
त्याला पण ब्रेकच का?

फळा भरला. मी डस्टर शोधत होतो
तेव्हा मालन कासार बोलल्या.
पापाच्या तिकटीजवळ त्यांचं बांगड्यांचं दुकान,
बाहेरगावचं गिऱ्हाईक येतं म्हणून क्लास लावलेला.

आमच्यात बांगडी फुटत न्हाई, सर. वाढते.
भरताना हातात पिचली तरी म्हणायचं, वाढली.
नारळ वाढवतात. मंगळसूत्र वाढतं.
ते कसं लिहायचं?

खडू हातात तसाच.
म्हटलं, इंग्रजीत असं नाही.
मग तुटलं की काय म्हणतात?
तुटलं म्हणतात.

बरं हाय की. सरळ हाय.

मग वहीकडे बघत,
आमचे मालक गेले तवा
बायकांनी माझ्या हातातल्या वाढवल्या.
तीस वर्षं गिऱ्हाइकाला सांगितलेला शब्द,
त्या दिवशी नुसता फुटल्याचा आवाज आला.
औंदा परत भरल्यात. माझ्या मीच.
एका हातानं दुसऱ्या हातात भरायला
लई अवघड जातं, सर.

आठ वाजून गेले होते. खाली लेथ बंद.
फळा पुसायचा राहिला.
मालनताई कठड्याला धरत जिना उतरल्या,
लोखंडी कठडा, हिरव्या बांगड्या, पायरीगणिक.

आकाराम वर दारातच थांबलेला,
मान तिरकी करून,
कान देऊन.