मुक्कामी गाडी

एक्स-रे उजेडाला धरून डॉक्टर मुजावर म्हणाल्या,
ही बघा अक्कलदाढ, आडवी झालीय,
पुढच्या दाढेला डोकं टेकून.

मला दिसली रात्री साडेअकराची
स्वारगेट-विटा मुक्कामी गाडी.
सगळ्यात शेवटी येणार, तोवर डेपो भरलेला,
मग ड्रायव्हर घालतो तिरकी,
पुढचीच्या बंपरला नाक लावून.
बावीस वर्षं कंट्रोलरच्या खिडकीतून तेच बघतोय.

जागाच नाही हो, त्या म्हणाल्या,
दाढेमागं हाड लगेच वर चढतंय.
जबडा आखूड, दात रुंद.
घरात कुणाचे होते असे?

आप्पांचे.
ऊस सोलायचे नाहीत, तसाच फोडायचे.
आणि आईची जिवणी एवढीशी,
हसली तर दोन बोटांत झाकायची.
दोघांचं एका खोलीत कधी जमलं नाही,
आणि माझ्या तोंडात
तिच्या जबड्यात त्यांचे दात
नांदायला घातलेत कुणीतरी.

मुळांखालून नस जाते.
पेन्सिलीचं टोक काळसर पट्ट्यावर.
धक्का लागला तर खालचा ओठ बधिर होईल,
काही दिवस. क्वचित कायमचा.

खालचा ओठ.
विटा, मिरज, फलाट,
माइकवरचं सगळं त्याच्याच जिवावर.

विचारून सांगतो, म्हणालो.
कुणाला, ते मलाही ठाऊक नव्हतं.

मिरजेच्या स्टँडवर विट्याची गाडी लागली होती,
सरळ, पट्ट्यांच्या मधोमध.
मी उगाच तिच्याभोवती
एक चक्कर मारून आलो.