भागाकार

कुपवाडच्या फाउंड्रीत पहिला आकडा मिळाला:
एक टन ओतीव, सहाशे चाळीस युनिट.
सुपरवायझर ऐनापुरे म्हणाले, मॅडम, पंचवीस लिहा की,
परवाच भट्टीचं अस्तर बदललंय.
मी चाळीसच लिहिलं.
त्यांनी मागवलेला चहा आलाच नाही.

मिरज आगारात फळ्यावर खडूनं लिहिलेलं असतं
दहा लिटरला कुणी किती किलोमीटर काढले, नावासकट.
सगळ्यांत खाली मगदूम.
त्याला आरग-बेडगची फेरी,
दर वळणाला एक हात, दर हाताला ब्रेक,
म्हातारी गाठोडं वर देईपर्यंत इंजिन चालू.
फळ्यावर हे हात कुठंच नाहीत.

नदीकाठच्या जॅकवेलवर हजार लिटरला किती वीज ते मोजायचं.
दस्तगीरभाईंनी पंपाचा आवाज टाळून
मला जिन्यात नेलं आणि म्हणाले,
उपसतो शंभर, पोचतं साठ,
मधले चाळीस कुणाच्या नावावर टाकू?
गळती, मी म्हटलं.
गळतीवर पण वस्ती आहे, बाई.
फुटक्या व्हॉल्व्हपाशी पहाटे चारला या, घागरी मोजा.

मोजल्या. एकवीस.
त्यांना रकाना नव्हता.

रकाने ठरलेले आहेत. डावीकडे जे लागतं ते,
उजवीकडे जे निघतं ते,
आणि अगदी कडेला, अरुंद, एक: अनिष्ट उत्पादन.
त्यात धूर बसतो, राख बसते,
शेरीनाल्याचं पाणी बसतं, लिटरला मिलिग्रॅममध्ये.
वास बसत नाही.
मग सगळ्याला सगळ्यानं भागायचं.
जो सर्वांत सरस त्याला एक,
बाकीचे त्याच्याखाली अपूर्णांकात राहतात.

माझे दादा साखर कारखान्यात बॉयलरवर होते,
बावीस गळीत हंगाम.
मीटरवर त्यांचा फारसा विश्वास नव्हता.
अंगणात येऊन चिमणीकडे बघायचे, मान तिरकी करून.
काळा धूर म्हणजे आग उपाशी आहे, हवा द्या.
पांढरा म्हणजे चिपाड ओलं.
फिकट, आहे का नाही असं वाटणारा,
तो बरोबर.
घरी चुलीपाशीही तेच.
आई चिडायची, भाकरी बघा, धूर काय बघताय.

यादीत शेवटी स्मशानभूमी.
सार्वजनिक सेवा, अनुक्रमांक एकोणीस.
आण्णाप्पानं वही पुढं केली:
लाकूड तीनशे किलो, पावसाळ्यात थोडं वर.
गॅसदाहिनी आहे, पण लोक लाकूडच मागतात,
म्हणतात, त्यांना शेवटी कुठं पेटीत कोंबायचं.
मी डावीकडचं सगळं भरलं.
उजवीकडं पेन थांबलं.
एक लिहा, आण्णाप्पा म्हणाला,
प्रत्येकाचा एकच.

मग काही कारण नसताना वहीची पानं मागं उलटली.
गेल्या वर्षीचा श्रावण.
तीनशे साठ किलो, रॉकेल चार लिटर,
आडनावाची वेलांटी चुकलेली.
त्या दिवशी लाकूड ओलं होतं.
पहिला तासभर नुसता पांढरा धूर,
जमिनीला धरून, कुठं जावं ते न कळल्यासारखा,
आणि मी उभी, हातात काहीच नाही.
त्यांना हे बघवलं नसतं.
धाकटा भाऊ म्हणाला, चल, मागं वळून बघायचं नसतं.
मी फाटकाशी वळले.
फिकट झाला होता. आहे का नाही, असा.

आण्णाप्पानं विचारलं, शाई संपली का?
नाही, म्हटलं.
अहवालात फाउंड्रीला अकरा शिफारशी आहेत, आगाराला सात.
इथं एकच ओळ:
लाकूड मे संपायच्या आत शेडखाली घ्यावं.