बिघाड

कचऱ्याच्या खोलीत सापडलं पहिलं ऑर्किड,
रिकाम्या बाटल्या आणि ओल्या पुठ्ठ्याच्या मध्ये,
दांडा वाळून काटकी झालेला,
पानं मात्र जाडजूड, रेनडियरच्या जिभेसारखी.
इथं केमीत लोक असंच करतात,
फुललेलं विकत आणतात, तीन महिने मिरवतात,
फुलं गळाली की म्हणतात, संपलं.
आणि संपलेलं सगळं शेवटी माझ्याकडेच येतं.
मी या इमारतीचा देखभालवाला.

चार वर्षांत अकरा कुंड्या झाल्या.
पारदर्शक प्लास्टिकच्या, त्यामुळे मुळं दिसतात,
तहानलेली चंदेरी, प्यायलेली हिरवी.
एवढंच बोलायची ती माझ्याशी.
मी बेतानं पाणी दिलं, खत दिलं,
जूनमध्ये मध्यरात्रीपर्यंत रेंगाळणाऱ्या उन्हासाठी
खिडकीला बेकिंगचा कागद चिकटवला, पानं भाजू नयेत म्हणून.
पानं येत राहिली. गर्द, काळपट, सुखवस्तू.
फूल नाही.

माझी बहीण सिस्को रोवानिएमीहून आली की म्हणायची,
"आर्मास, तू कोबी पाळलेस."

तिनंच सांगितलं, इतकं गर्द पान बरं नव्हे,
उजेड कमी पडतोय त्यांना,
बाजारात उन्हाळ्यात येते त्या मटाराच्या शेंगेचा रंग हवा.
मग तळघरातली एक ट्यूब आणून टांगली,
टायमर लावला, सकाळी सात ते संध्याकाळी सात.
रस्त्यावरून पाहणाऱ्याला वाटावं
या घरात कुणाचं तरी ऑपरेशन चाललंय.
पानांचा रंग हळूहळू शेंगेवर आला.
फूल नाहीच.

मग ऑक्टोबरात तळघरातला पंप बसला.
सुटा भाग ओउलूहून यायचा, आला नाही,
दुसरा आला, तो बसेना.
बारा रात्री अख्खी इमारत पंधरा अंशांवर.
दुसऱ्या मजल्यावरची हेल्व्ही लोकरी टोपी घालून माझ्या दारात,
"चोवीस वर्षं या कामात, आणि हे?"
मी मान खाली घालून ऐकलं.
चोवीस वर्षांत मी एकच गोष्ट धड केली होती,
कुणाला थंडी वाजू दिली नव्हती.

नोव्हेंबर सरताना, दुपारी अडीचलाच अंधार,
तिसऱ्या कुंडीत पानाच्या बगलेतून
काहीतरी हिरवं टोचून वर आलेलं.
मूळ असेल, म्हटलं.
पण मुळाचं टोक गोल असतं, गुळगुळीत,
याला बाजूला एक फुगीर अंगठा होता,
लहान मुलाच्या लोकरी हातमोज्यासारखा.
चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.
मग पाचवी कुंडी. आठवी.
अकरातल्या सात.

तर हे असं होतं.
आड येत होती ती माझीच ऊब.
दिवसाचा उजेड आणि रात्रीचा गारठा यांच्यातली फट
मी इतकी वर्षं बुजवत आलो होतो,
खिडक्यांच्या फटींसारखी, कापूस कोंबकोंबून.

सिस्कोला फोन केला. ती बराच वेळ हसली,
मग गप्प झाली, मग म्हणाली,
"कोबी फुलला की कळव."

फेब्रुवारीत, बंदरातला बर्फ निळा दिसू लागतो तेव्हा,
पहिली कळी उघडली. रात्रीतून. मी झोपलेला असताना.
पांढरी, मधोमध पिवळा शिंतोडा.

ती कुंडी घेऊन हेल्व्हीच्या दारात गेलो.
म्हटलं, तुमचं आहे हे. तुम्ही टाकलेलं.
तिनं चष्म्यावरून पाहिलं.
"माझं गुलाबी होतं," म्हणाली,
आणि कुंडी आत घेऊन दार लावलं.

संध्याकाळी बर्फ लोटायला अंगणात उतरलो,
सहज वर पाहिलं, तर ते तिच्या खिडकीत,
बरोब्बर रेडिएटरच्या वर.
सांगायला हवं तिला, रात्री रेडिएटर बंद ठेवा म्हणून.
पण मी,
आणि कोणत्या तोंडानं?