जास्तीचा नोर्मुंड्स

लिफ्टपासून जपायचं, एवढं आता पाठ झालंय.
दार उघडलं म्हणजे आत जमीन असतेच असं नाही.
इल्झे गेल्या मंगळवारी तशीच गेली,
हातात सँडविच, पाठीवर प्राणवायू,
सात मजले, आणि त्याखाली तो करडा रंग
जो रंगवायचा कुणाच्या लक्षातच राहिला नाही.
"पोचले की कळवते," म्हणाली पडता पडता.

आठ वर्षं हा खेळ तयार होतोय.
दर वसंतात पत्रक येतं: यंदा नक्की.
पैसे आम्ही आधीच भरलेत. मी तर एका वर्षी
हिवाळी बुटांचे पैसे घालून जहाज घेतलं,
मालवाहू, बसक्या नाकाचं.
त्याचं मागचं दार उघडलं तर मिटत नाही
आणि मिटलं तर मला आत घेऊन मिटतं.
बायको विचारते, का?
मी म्हणतो, शुक्रवार आहे.

लियेपायात वारा समुद्रावरून थेट घरात येतो,
खिडकीच्या फटीत मी जुने मोजे कोंबलेत.
दिवसभर बंदरावर क्रेनमध्ये बसतो,
बर्चचे ओंडके उचलतो, ठेवतो.
ठेवलेले तिथेच राहतात, ही त्यातली सोय.
रात्री साडेनऊला हेडफोन चढवायचा
आणि तांब्याची पेटी उचलायची,
जी हातातून निघून भिंतीत शिरते.

एगिल्स गणित शिकवतो. त्यानं वही घातलीय:
तारीख, वेळ, काय बिघडलं.
तिसरी वही. दर महिन्याला कंपनीला पाठवतो.
एकदाच उत्तर आलं: आभारी आहोत,
हे आम्ही मुद्दाम ठेवलंय का, ते तपासतो आहोत.
त्या रात्री तो इतका हसला
की त्याचं जहाज स्थानकावर आपटलं,
आणि स्थानकानंच माफी मागितली.

नोर्मुंड्स आयर्लंडात, मोनॅहनजवळ,
अळंबीच्या शेडमध्ये. कपाळावर दिवा बांधून
मांडणीच्या वरच्या फळीवर ओणवा.
म्हणतो, अंतराळ काही वेगळं नाही रे,
फक्त वास कमी.

परवा आम्ही चौघं परत येत होतो.
चाळीस मिनिटं नुसता काळोख,
ती मात्र त्यांनी मन लावून बनवलीत.
नोर्मुंड्स माझ्या शेजारच्या खुर्चीत बोलत होता,
"आईचं घर म्हणजे, मी असं ठरवलंय की"
आणि आवाज तुटला.

गेला. पण देह तसाच बसलेला,
हात दांड्यावर, मधूनच पापणी मिटे.
सर्व्हरला पत्ताच नव्हता.
दोनदा हाक मारली. मग का कोण जाणे,
आम्ही हळू आवाजात बोलू लागलो.
इल्झेनं त्याच्या मांडीवर सँडविच ठेवलं,
ते मांडीतून खाली गेलं.
"खाल्लं समजू," एगिल्स म्हणाला.

चौदा पेट्या उतरवल्या, सातच मोजल्या गेल्या.
भांडायला सुद्धा कुणी उठलं नाही.

अर्ध्या तासानं नोर्मुंड्स आला,
भलत्याच चंद्रावर जन्मून, टॅक्सी करून.
दारातच थबकला.
"माझ्या जागेवर कोण हा?"
"तूच," मी म्हणालो. "तू उठलाच नाहीस."
तो वाकून स्वतःचं तोंड बघत राहिला.
घरमालकानं वीज बंद केली होती वगैरे
काहीतरी पुटपुटला,
आणि खुर्ची भरलेली म्हणून
खाली जमिनीवर बसला, त्याच्या पायाशी.
जमीन होती, नशीब.

"घराचं काय म्हणत होतास?"
मी विचारलं,
आणि सगळं गोठलं. तारे, एगिल्सचा खोकला,
दोन्ही नोर्मुंड्स.
मग तो लाल चौकोन, त्यातला पाच आकडी नंबर,
जो आमच्या मुलांनाही तोंडपाठ आहे.

शिव्या घातल्या. रिकाम्या खोलीला घातल्या.
फटीतला एक मोजा वाऱ्यानं खाली पडला होता,
तो परत कोंबत होतो,
तेव्हा स्वयंपाकघरात फोन वाजला.
बायकोनं उचलला, ऐकलं,
आणि पीठाच्या हातानं माझ्यापुढे धरला:
"घे. तुझा शुक्रवार आहे."