चढावरची झारी

हॅलिफॅक्सच्या वर, गिरणीची चिमणी मागे पडली
की स्टॅनर लेन सुरू होते.
पाचात एक असा चढ.
दगडी फरशी होती तेव्हा घोडेसुद्धा बिचकायचे म्हणे.

माथ्यावर एनिड ग्रीनवुडचं घर,
दारात पत्र्याची हिरवी झारी, कायम भरलेली.
फुलांसाठी नव्हे.

तिचे वडील ऑस्टिन सेव्हन उलटी करून चढवत.
रिव्हर्सचा गिअर सगळ्यांत दमदार,
म्हणून अख्खं कुटुंब दरीकडे तोंड करून
पाठमोरं वर यायचं, चर्चच्या कपड्यांत.
आई टोपीवर हात ठेवून म्हणायची,
आपण कुठे जातोय ते पोचल्यावरच कळतं.

मी एकाहत्तर साली आलो. गॅरेजात फिटर.
पाटणकर हा चढ एनिडच्या जिभेला जमला नाही,
म्हणून पॅट.
माझी पहिली गाडी मॉरिस मायनर, सदतीस घोड्यांची,
त्यातले पाच-सहा हिवाळ्यात उठायचेच नाहीत.
चोक ओढा, थांबा, थोडा आत ढकला, पुन्हा थांबा,
रुसलेल्या जावयासारखी समजूत काढा.
अर्ध्या चढावर सुई लाल. माथ्यावर वाफ.
एनिड झारी घेऊन बाहेर,
"फडकं धर, फडकं! हात भाजेल."
रेडिएटर निवेपर्यंत चहा.
तिच्या नवऱ्याचं दुखणं, माझ्या बायकोचा व्हिसा,
कोण गेलं, कोणाला मुलगी झाली,
सगळं त्या वीस मिनिटांत.

मग पंख्याला वीज आली. कार्ब्युरेटर गेला,
ज्याच्या जेटमध्ये फुंकर मारमारून मी दोन मुलं शिकवली.
पेट्रोल थेंब मोजून आत जाऊ लागलं.
आता लिटरभराचं इंजिन, तीन सिलिंडर,
दुधाच्या दोन पिशव्या मावतील एवढी जागा,
तिच्यात सव्वाशे घोडे
आणि एकाच्याही तोंडाला फेस नाही.
चढ होता तेवढाच आहे.
फक्त कोणाला जाणवत नाही.

नातवानं विजेवरची गाडी घ्यायला लावली.
परवा तिच्यातून स्टॅनर लेन चढलो.
रेडिओवर हवामान सांगत होते,
माथ्यापर्यंत शब्दन् शब्द ऐकू आला.
आपण काही केलं, हे गाडीला कळलंच नाही.

थांबलो.
दार उघडलं. नव्वदीची एनिड, वॉकर,
आणि वॉकरला अडकवलेली झारी, अर्धी.
"उकळली का रे?"
"उकळली," म्हणालो.

बॉनेट उघडलं. आत नुसतं काळं प्लास्टिक,
ओतायचं कुठे?
शोधता शोधता निळं झाकण सापडलं,
काच धुण्याच्या टाकीचं.
मी उगाच फडकं धरलं.
तिनं ओतलं, थरथरत, निम्मं माझ्या बुटांवर.

"निवायला वेळ लागेल हं," ती म्हणाली.
"लागेल की," मी म्हणालो
आणि चाकामागे दगड लावला.