मारामारीचा उजेड

दुसऱ्या अंकात, रात्री दोनच्या सुमारास,
डाकराम कुथे हिरालालच्या कानशिलात मारतो
आणि हात गालापासून वीतभर लांबच राहतो.
ती वीत माझी.

विंगेत, खोक्यावर बसून, डिमरचं चाक धरून मी ती भरतो.
टाळी वाजवणारा वेगळा, तिकडे पेटीवाल्याशेजारी.
त्याची टाळी आणि माझा झटका एका श्वासात पडले
तर गावाला वाटतं, दात पडला.

गुरू नव्हता मला. धानाच्या गिरणीत वायरमन होतो,
एका हंगामापुरता वडशाहून कंपनीबरोबर निघालो, राहिलो.
कळलं ते बघून बघून:
समोरून उजेड मारला की माणूस नुसता दिसतो,
बाजूने मारला की त्याला हाडं येतात,
खालून मारला की नाकाची सावली कपाळावर चढते
आणि गरीब हिरालाल, ज्याला कोंबडी कापवत नाही,
पहिल्या रांगेतल्या पोट्ट्यांना रडवतो.
लाल कागद जपून वापरतो.
महाग म्हणून नाही.
एकदा लाल झालं की पुढे कुठे जाणार?
सुरा उपसला की सगळं मालवतो,
पात्यावर तेवढा बोटभर ठेवतो.
बाकीचं ज्याने त्याने घरून आणलेलंच असतं.

तर पिंपळटोलीचा शंकरपट, रात्रीचं नाटक,
धुकं बांध्यांतून उठून मंडपात शिरलेलं.
डाकरामने हात उचलला
आणि मागे, चहाच्या ठेल्याजवळ,
खरंच कोणीतरी कोणाला मारलं.
आवाज असा काही नाही. ओलं पोतं खाली ठेवावं, तेवढा.
लोक उठले. बायांनी लेकरं ओढली.
"इळा हाये त्याच्या हाती," कोणी म्हणालं.
दिसत कोणालाच नव्हतं.

मी मोठा हॅलोजन उलटा फिरवला.
पुरा पांढरा, समोरून, कागद न लावता,
असा मी कधी कोणावर मारला नव्हता.

दोन माणसं. एकाची चप्पल सुटलेली.
दुसऱ्याचा स्वेटर काखेत उसवलेला,
हातात विळा नाही, चहाची गाळणी.
सख्खे साडू, नंतर कळलं; पटातल्या जोडीवरून लागली होती.
दोन हजार तोंडं तिकडे वळली
आणि ते थांबले, संवाद विसरल्यासारखे.
एकाने डोळ्यांवर हात धरला.
दुसरा छातीवर गुंडी शोधू लागला, जी तुटून गेली होती.
"बंद कर बे तो लाईट!"
त्यांच्यापैकीच कोणीतरी ओरडलं.

केला. पण लगेच नाही.
चप्पलवाल्याच्या ओठातून रक्त हनुवटीवर आलं होतं
आणि ते काळं दिसत होतं, बैलगाडीच्या वंगणासारखं.
वीस वर्षं मी लाल कागद लावतो आहे.

वळलो तेव्हा डाकराम तसाच,
अंधारात, हात उचलून, माझी वाट बघत.
टाळी पडली.
माझा झटका उशिरा पडला.
लोक हसले.
हिरालाल तरीही कोसळला, नीट,
दर रात्री कोसळतो तसा.