मोजणी

रिवणच्या वर जिथे बस वळून परत जाते
तिथून पुढे दीड तास नुसता जांभा.
एप्रिल. दगडाला कातडी असती तर सोलवटली असती.
एक सरडा गळ्याखालचा निळा पंखा उघडून
कुणाला तरी बोलावत होता. मला नाही.

भागी वरकने आधी ताक दिलं, मग नाव.
वय?
'सडा पेटला, त्या साली मी रांगत होते.'
पोर्तुगीज होते तेव्हा, की गेल्यावर?
'इथवर कोण आलंच नव्हतं.'
मी पासष्ट लिहिलं.

म्हशी किती, तर तिने नावं घेतली:
चांदरी, मोरी, भुंडी, गुजाबाय,
आणि बुडकी, जिला श्रावणात वाघरानं नेलं.
बुडकी धरायची का?
तिने माझ्याकडे असं पाहिलं
की मी पाच लिहिल्या.

मग तो रकाना. मातृभाषा.
बाजारात तूप विकते ते कोंकणीत,
नातू शाळेतून मराठी आणतो,
पण म्हशींशी, देवाशी, आणि रात्री छपरावर
रातवा ठोके देऊ लागला की त्याच्याशी
ती जे बोलते, त्याला म्हणते 'आमचं'.
यादीत 'आमचं' नव्हतं.
'इतर' होतं, पुढे बारा अक्षरांची जागा.

तिच्याकडे दगडालाच चार शब्द.
भाजटं, ज्यावर पाय ठरत नाही.
निवटं, दिवेलागणीला ज्यावर पोर निजवावं.
घुमटं, जे आतून पोकळ वाजतं
आणि खाली साळिंदर असतं.
चौथा तिने सांगितला नाही.
'तो माणूस गेल्यावर लागतो,' म्हणाली
आणि ताकाचं भांडं विसळायला उठली,
अर्ध्या ओंजळीत.

परतताना नातू, धाकलू, सोबत होता.
मी टॅब वर धरून रेंज शोधत चाललो होतो.
'थूर!'
म्हशीला थांबवतात तसा तो ओरडला
आणि मी थांबलो, म्हशीसारखाच,
एक पाय हवेत.

खाली चार अंडी. घरटं नाही, काडी नाही.
दगडावर दगडाच्या रंगाची,
तशीच ठिपकेदार, तशीच गप्प.
बाराच अक्षरं मिळाली होती,
त्यात मी काय भरलं होतं ते आता सांगत नाही.

टिटवी माझ्या डोक्यावर घिरट्या घालत
एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होती,
नाव, बहुतेक.
किंवा पाय किती.